गोणपाटावरचा सावा

खुरप्याचा आवाज कानावर आला की हल्ली माझी मान आपोआप खाली जाते. परवा शेजारच्या उडदात बाया बसल्या होत्या. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलेलं, रानाला वाफसा आलेला. माती ना चिकट ना कोरडी, खुरप्याला हवी तशी. आमच्या माळाच्या मातीत दगडगोटे फार. खुरपं आत गेलं की कुठंतरी खड्याला लागतं आणि खट्ट असा बारीक आवाज येतो. नऊ-दहा बाया ओळीनं बसल्या की तो आवाज या बांधापासून त्या बांधापर्यंत फिरत राहतो. एके काळी मला तो फार आवडायचा. आता मी मागच्या पाणंदीनं वळसा घालून घरी येतो. बायको, सुमन, दारातच विचारते, "आजपण तिकडूनच आलात?" मी म्हणतो, "पुढच्या वाटेला चिखल होता." खरं तर चिखल मागच्याच पाणंदीला असतो, आणि तो माझ्या पायांना लागलेला तिला दिसत असतो.

पेरण्या उरकल्यावर आणि सण सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं हा एक हंगाम येतो. कॅलेंडरात त्याला नाव नाही. आषाढ सरत आलेला असतो, पीक वीतभर आणि तण दीड वीत. हराळी, कुंदा, केना, लव्हाळा, गाजरगवत, सगळी पाहुणेमंडळी न बोलावता हजर. घाटाकडून गार वारं येतं, येरमाळ्याच्या बाजूनं हमरस्त्यावरच्या ट्रकचा घरघराट येतो, आणि रानात बायांच्या पाठी दिसतात. चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात. खुरपणीचं काम असंच, दिवसभर जमिनीशी बोलायचं. उन्हं कलली की त्या उठतात, कमरेवर हात ठेवून एकदा मागं वळून बघतात, आणि मग दिसतं की सकाळचं हिरवं रान आता काळं झालंय आणि त्यात पिकाच्या ओळी उमटल्यात.

कोणी खुरपलंय हे ओळखू येतं, हे मला कांताबाईंनी शिकवलं. कांताबाई म्हणजे आमच्या गावातल्या खुरपणीच्या सगळ्यात नावाजलेल्या टोळीच्या म्होरक्या. नऊ बायांची टोळी होती. शेताचं गुत्तं घ्यायचं, म्हणजे रोजावर न जाता एवढं रान एवढ्या दिवसांत साफ करून देतो असं ठरवायचं, आणि ठरल्यापेक्षा अर्धा दिवस आधीच द्यायचं. वय माझ्याच आसपासचं, अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांचा एकच नियम होता. "नुसतं पातं तोडायचं न्हाय. मुळी हातात आली पायजे." एखादी बाई घाईनं वरवर कापत पुढं गेली तर कांताबाई काही न बोलता तिच्या ओळीत मागं जाऊन बसायच्या आणि राहिलेल्या मुळ्या काढायच्या. त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यामुळं लोक पीक बघून सांगायचे, हे कांताबाईच्या हातचं रान आहे. खुरपणाऱ्या बाईला शाल मिळत नाही, नारळ मिळत नाही. एवढं एक नाव असतं, आणि दरवर्षीचं काम त्या नावावर चालतं.

ते नाव मी घालवलं. पुढं सगळं सांगणारच आहे, पण हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणं मी स्वतःला सांभाळून घेत बसेन.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी हायस्कुलातून नुकताच निवृत्त झालो होतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त माणसाला दोन भुका लागतात, कामाची आणि कौतुकाची. काम माळावरच्या पाच एकरांत भरपूर होतं. कौतुकासाठी मात्र काहीतरी निराळं करावं लागतं, आणि निराळं करण्याची मला पहिल्यापासून खोड. सीताफळाची दोनशे रोपं लावायची ठरवली, तेव्हा डोक्यात आलं की रोपवाटिकेतल्या त्या काळ्या पिशव्या रानात आणायच्या नाहीत. दरवर्षी बघत होतो. लागवडीच्या दिवशी ब्लेडनं फाडलेल्या पिशव्या वाऱ्याबरोबर उडतात, बोरीच्या काट्यांना अडकून फडफडत राहतात, आणि चार वर्षांनी नांगराच्या फाळाला पुन्हा वर येतात, जशा गेल्या तशाच. जमीन त्यांना खात नाही.

म्हणून गोणपाट. अडत्याकडून जुना बारदाना आणला. ओट्यावर तो ढीग पडला आणि घरभर वास सुटला, कुठल्या पोत्याला हरभऱ्याचा, कुठल्याला गुळाचा, एकाला नुसता जुन्या पावसाचा. हातभर लांबी-रुंदीचे तुकडे कापायचे, शिवून त्यांची पिशवी करायची, त्यात माती आणि खत भरून बी लावायचं. पावसाळ्यात लागवडीच्या दिवशी शिवण उसवायची आणि तेच गोणपाट रोपाच्या बुडाशी गोल पसरायचं. वरून ऊन मिळालं नाही की खालचं तण उगवत नाही. दोन पावसाळ्यांत गोणपाट कुजून मातीत जातं. आधी कुंडी, मग पांघरूण, शेवटी खत. कागदावर हे इतकं सुरेख दिसत होतं की मी तो कागद चार जणांना दाखवून आलो.

अडचण शिवणीची आली. दाभण आणि सुतळी घेऊन मी आणि सुमन बसायचो. शिवलेलं पक्कं बसायचं, पण उसवायला सुरी लागायची, आणि सुरीच्या ओढाताणीत मातीचा गड्डा फुटून रोपाच्या मुळ्या उघड्या पडायच्या. एका सकाळी कांताबाई गुत्त्याचं विचारायला आल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी माझी दाभणाशी चाललेली झटापट बघितली. मग पदर खोचून ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, हिकडं द्या. पोत्याच्या तोंडाला मारत्यात त्यो टाका मारा की. ह्या टोकानं वढलं तर गाठ बसती, आन् ह्या टोकानं वढलं की बगा."

त्यांनी एक टोक ओढलं. सगळी शिवण सरसर सुटत गेली आणि पिशवीचं सपाट गोणपाट झालं. मी आणि सुमन बघतच राहिलो. आयुष्यभर धान्याची पोती उघडली, पण हे मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पुढं हा टाका मी लोकांना दाखवायचो तेव्हा म्हणायचो, "बऱ्याच प्रयत्नांती ही युक्ती सापडली." कुणाला सापडली ते सांगायचो नाही. वाक्याची रचनाच अशी केली होती की खोटंही बोलायला नको आणि खरंही.

मृग जवळ आला तोवर रोज पाणी पिऊन पिशव्या लिबलिबीत झाल्या होत्या. रानापर्यंत नेताना फुटतील अशी भीती वाटली. मी ठरवलं, बाहेरून शेणमातीचा लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा, की पिशवी घट्ट होईल. गोठ्यातून ताजं शेण आणून मी घमेल्यात कालवत बसलो होतो, तेव्हा कांताबाई खड्ड्यांभोवतीची जागा साफ करून परत चालल्या होत्या. थांबल्या.

"सर, शेण ताजं हाय का?"

"हो. ताजं चांगलं चिकटतं."

"न्हाय, तुमची गुरं तळ्याकाठी चरत्यात. तिथलं गवत निसवल्यालं हाय, बी धरल्यालं. ते बी गुराच्या पोटात मरत न्हाय बगा. उकिरड्यात चार म्हयने कुजलं म्हंजी मरतं. कुजल्यालं घ्या."

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण वर्गात एखाद्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं की मी तसा हसायचो. म्हणालो, "कांताबाई, पोटातलं आम्ल काय चीज असतं ठाऊक आहे का तुम्हाला? मी तीस वर्षं शिकवलंय ते."

त्यांनीही तोंडाला पदर लावून हसण्यावारी नेलं. "तुमी शिकल्याले. म्या आपलं बगितल्यालं सांगितलं."

मी शिकलेलो होतो आणि त्यांनी बघितलेलं होतं. यातलं विज्ञान कुठलं, हे त्या दिवशी मला कळलं नाही. मुलांना मात्र मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून द्यायचो, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

लागवडीचा दिवस मात्र फार गोड गेला. ते नाकारणार नाही. ढग भरून आलेले, कांताबाईंच्या टोळीनं प्रत्येक खड्ड्याभोवती दोन हात जागा कशी आरशासारखी केलेली. हराळीच्या मुळ्या तर त्यांनी वीतवीत खोल जाऊन काढल्या होत्या आणि बांधावर त्यांचा ढीग घातला होता. मी एकेक पिशवी खड्ड्यात ठेवत होतो, टोक ओढत होतो, शिवण सरसर सुटत होती, आणि रोप जसंच्या तसं मातीत बसत होतं. मग ते गोणपाट पसरायचं, लेपाची बाजू वर. कडेनं चार दगड ठेवायचे. संध्याकाळी बांधावर उभा राहिलो तर माळभर दोनशे तपकिरी चकत्या आणि मधे इवली इवली रोपं. मी फोटो काढला आणि आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर पंचक्रोशीतले आणि भूमपर्यंतचे शेतकरी आहेत. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्या भरात मी तीन आठवड्यांनंतरची शिवारफेरी जाहीर करून टाकली.

यंदाही आता तेच दिवस आहेत. येडेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या जीपा सकाळपासून रस्त्यानं दिसतात, गोठ्यातल्या ओल्या शेणाचा वास घरात येतो, सुमननं काल केन्याची भजी केली. सगळं जागच्या जागी आहे. बाकीच्यांना दिवाळी आठवते, लग्नं आठवतात. मला हे मधले तीन-चार आठवडे आठवतात, आणि ते दरवर्षी येतात.

शिवारफेरीच्या आधी आठ दिवस मी मुलीकडं लोहाऱ्याला होतो. पाऊस सारखा पडत होता, एसटीनं परत आलो ते थेट फेरीच्या दिवशी सकाळी. अंघोळ, पांढरा सदरा, आणि वीस-पंचवीस लोकांना घेऊन रानाकडं. पुढं मी. चालता चालता प्लास्टिकचे तोटे सांगत होतो. बांधावर चढलो आणि समोर रान दिसलं.

रोपांच्या मधल्या पट्ट्यांत तण बेताचं होतं. पण जिथं जिथं गोणपाट होतं, तिथं तिथं गवताचं दाट हिरवंगार कडं उगवलं होतं. दोनशेच्या दोनशे. जिथं तण येणार नाही म्हणून सांगायला मी माणसं गोळा केली होती, नेमकं तिथंच. रोपं त्यात दिसतही नव्हती.

कळंबकडचे एक नाना आहेत, थट्टेखोर पण मनाचे मोकळे. ते म्हणाले, "सर, तण घालवायची कुंडी का तण लावायची?" सगळे हसले. त्यात वावगं काही नव्हतं, त्यांच्या जागी मीही हसलो असतो. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पलीकडच्या पट्ट्यात कांताबाईंची टोळी खुरपत होती. मी तिकडं वळलो आणि ओरडलो. एरवी मी त्यांना अहो-जाहो करत असे. त्या दिवशी तोंडातून निघालं, "काय गं कांता, हे असं खुरपलंस होय? मुळ्या तशाच ठेवून वरवर कापलंय नुसतं. बघ कसं गोणपाट फोडून वर आलंय!"

खुरप्यांचा आवाज थांबला. कांताबाई उठल्या. हात मातीनं भरलेले. माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, मुळी न् मुळी काढलीया. बगा एखादं उपटून."

"काय उपटून बघायचं? समोर दिसतंय की सगळ्यांना!"

"उपटून तर बगा."

मी वाकलो नाही. तीन पावलांवर एक रोप होतं. वाकलो असतो, गोणपाटाचा कोपरा उचलला असता, तर तिथल्या तिथं सगळं कळलं असतं. पण वीस-पंचवीस माणसांसमोर पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं खुरपणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून वाकायचं? नाचता येईना, अंगण वाकडं. मी पाहुण्यांना म्हणालो, "मजूरच असे भेटतात, प्रयोग काय करणार," आणि त्यांना चहाला घेऊन गेलो. जाताना मागं खुरप्यांचा आवाज पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ निभावलं असतं. दुपारी जेवण झाल्यावर मी ग्रुपवर गवताचा फोटो टाकला. फोटोत एका कोपऱ्यात कांताबाईंची पाठ आणि हिरवं लुगडं दिसत होतं. खाली लिहिलं, "गुत्तं देताना टोळी पारखून द्या. कांताबाईच्या टोळीचा आमचा अनुभव." लिहून बरं वाटलं आणि मला झोपही लागली.

चार दिवसांनी मी एकटाच रानात गेलो. एका रोपाजवळ बसलो आणि गवत उपटायला हात घातला, तर गवताबरोबर गोणपाटच उचलून हातात आलं. अगदी सहज. गवताच्या मुळ्या गोणपाटात विणल्यासारख्या गुंतल्या होत्या, शेणाच्या लेपात. एकही मुळी खाली गेलेली नव्हती. आणि गोणपाटाखालची माती स्वच्छ होती. खुरप्याच्या पात्याची वळणंसुद्धा तिच्यावर तशीच होती, तीन आठवड्यांपूर्वीची, आणि त्यात एक गांडूळ निवांत पडलं होतं. मी दुसरं उचललं, तिसरं उचललं. वीस-पंचवीस उचलली असतील. सगळीकडं तेच. मग गवताचं पान नीट बघितलं. सावा होता. सावा आमच्या कोरड्या माळावर येत नाही, तो तळ्याच्या काठाचा, ओलीतला. माझी गुरं जिथं चरतात तिथला.

मी तिथंच बसून राहिलो. मला वाटतं, माणसाची परीक्षा चूक करताना होत नाही. चूक रागाच्या भरात होते, तिला काहीतरी सबब असते. चूक समजल्यावर पुढच्या तासाभरात तो काय करतो, तिथं तो खरा कळतो. त्या तासाभरात मी इकडंतिकडं बघितलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि गोणपाटं उचलायला लागलो. दोन सकाळी लागल्या. पाटीत भरून भरून सगळी उकिरड्यावर नेऊन टाकली. सुमननं विचारलं तर म्हणालो, "कुजायला टाकतोय, पुढच्या वर्षी प्रयोग सुधारून करू." ग्रुपवरचा तो मजकूर सगळ्यांच्या फोनवरून पुसायची मुदत टळून गेली होती, आता काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. दोन नव्या ओळी लिहायला मात्र कसलीच मुदत नव्हती.

त्या श्रावणात कांताबाईंची टोळी फुटली. कुणी भांडण केलं नाही, कुणी काही बोललं नाही. शेतकऱ्यांनी गुत्तं द्यायचं बंद केलं, एवढंच. पोट सगळ्यांनाच असतं. आठ जणी दुसऱ्या बाईच्या टोळीत गेल्या. म्होरकी राहिलेल्या बाईला कुणाच्या हाताखाली जाणं अवघड असतं आणि घेणारीलाही तिला घेणं अवघड असतं. कांताबाई भूमकडं जायला लागल्या, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. सकाळी जीपच्या थांब्यावर उभ्या दिसायच्या, भाकरीचं फडकं आणि खुरपं एकाच पिशवीत. एकदा समोरासमोर आलो. त्या म्हणाल्या, "बरं हाय का सर?" मी फोन कानाला लावला. फोनवर कोणी नव्हतं.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो, ती लिहितो. कांताबाई बौद्ध वस्तीतल्या. आमच्या घरी त्यांना आमच्याच कपात चहा दिला जायचा, आणि याचा मला अभिमान होता. मी तो अभिमान भाषणात बोलूनही दाखवलाय. पण त्याच साली माझ्या चुलतभावानं त्याच्या बांधाला तणनाशक मारताना वाऱ्याकडं लक्ष दिलं नाही, आणि माझी कडेची एक ओळ करपून गेली. मी त्याचा फोटो काढला नाही. ग्रुपवर काही टाकलं नाही. त्याच्या घरी जाऊन चहा घेतला, "होतं असं" म्हणालो आणि विषय मिटवला. त्याची खरी चूक मी चहात बुडवली आणि कांताबाईंवरचा खोटा ठपका गावभर वाटला. कप एकच असून भागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून मी काय केलं?

यंदा खुरपणी सुरू झाली तशी सुमननं एका सकाळी भाजी निवडताना, वर न बघता म्हटलं, "उकिरड्यात ती गोणपाटं मी पण बघितली होती. सावा होता ना?" देठ मोडत तीच म्हणाली, "तीन वर्षं मला वाटतंय, तुम्ही स्वतःहून जाल. आता किती दिवस त्या पाणंदीनं येणार?"

रविवारी सकाळी गेलो. कांताबाईंच्या दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली मेणबत्तीचे ओघळ. त्यांनी खुर्ची दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी पाठ करून आलेलं सगळं बोललो. ताजं शेण, सावा, खालची स्वच्छ माती, उकिरडा, सगळं. बोलता बोलता गळा दाटून आला, आणि खरं सांगायचं तर त्याचंही आत कुठंतरी मला समाधान वाटलं.

त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मला ठाव हाय की. सावा व्हता त्यो. आपल्या माळाला सावा कुठं येतुया?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की. बगा उपटून म्हनले, दोन डाव म्हनले. तुमी वाकला न्हाय. माज्या टोळीतल्या बायांनी बी वळखलं व्हतं. पर त्यांनी वळखून काय व्हतंय? रान त्यांचं न्हाय."

मी म्हणालो, "मला माफ करा, कांताबाई."

"माफी काय सर. मला ठाव हाय, तुमाला ठाव हाय. दोघं इथं बसून एकामेकाला काय सांगायचं? फोनवर टाकलं व्हतं न्हवं तुमी? मग फोनवरच टाका. ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांगा."

चहा आला. मी पितो न पितो तोच त्यांनी आणखी एक सांगितलं, आवाज न चढवता. "आन् यंदा तुमच्या रानात मला बलवू नका. म्या येनार न्हाय. राग न्हाय, पर येनार न्हाय."

एकट्या माणसासमोर, त्याच्या अंगणात, गळा दाटून येऊ देणं सोपं असतं. मी तेवढ्यावर सुटका होईल अशा आशेनं गेलो होतो, हे मला वाटेत कळलं. ग्रुपवर माझे माजी विद्यार्थी होते, चुलतभाऊ होता, सोयरे होते, पुढच्या महिन्यात मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणारे होते.

ओट्यावर बसून लिहिलं. चार वेळा खोडलं. दर वेळी वाक्यं आपोआप गोल होत होती, "गैरसमजातून", "अनवधानानं", "काही कारणानं". शेवटी सुमनला वाचून दाखवत लिहिलं, तेव्हा सरळ आलं. "तीन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर मी कांताबाईंच्या टोळीबद्दल लिहिलं होतं. ते खोटं होतं. गवत माझ्या ताज्या शेणातून उगवलं होतं. कांताबाईंनी आधीच सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. गोणपाटाखाली त्यांनी खुरपलेली माती स्वच्छ होती, ती मी डोळ्यांनी बघितली आणि लपवली. उसवणारा टाकाही त्यांनीच दाखवलेला. त्यांच्यासारखं रान कोणी साफ करत नाही. ज्यांनी माझं वाचून त्यांना काम देणं थांबवलं, त्यांची फसवणूक मी केली आहे." पाठवलं.

पहिल्यांदा कुणीतरी सुप्रभात म्हणून गुलाबाचं चित्र टाकलं. मग दोन जोडलेले हात आले. एकानं सोयाबीनवरच्या अळीचं औषध विचारलं. माझं लिहिणं वर वर सरकत चाललं. मग कळंबच्या नानांचं उत्तर आलं. नाना माणूस वाईट नाही. माझी लाज झाकावी, याच भावनेनं त्यांनी लिहिलं होतं.

"सर, जाऊ द्या की हो. एका खुरपणाऱ्या बाईचं ते काय एवढं."

मला नानांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते वाक्य मी चांगलं ओळखत होतो. तीन वर्षं रोज मी स्वतःला तेच सांगत आलो होतो, अगदी याच शब्दांत.